शिडाच्या छोट्या बोटीला कुठलं आउटबोर्ड? ब्रँड ठरवण्याआधी पाहायच्या गोष्टी

शिडाची छोटी बोट घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: मागे बाहेरून टांगायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, कुठलं लावू, यामाहा की सुझुकी? गोव्यात बेतीला विचारा, दोना पावलाला विचारा, शापोऱ्याला विचारा, प्रत्येक जण छातीठोकपणे वेगळं नाव सांगेल. त्यांतलं कोणी खोटं बोलत नसतं. पण पहाटे जाळं घेऊन निघणारी होडी, पर्यटकांना फिरवणारी स्पीडबोट आणि आपली शिडाची बोट, तिघींच्या मागे एकच इंजिन लटकलेलं असलं तरी त्याचं काम एक नसतं. होडीवरचं इंजिन रोज तासन्‌तास चालतं. आपलं इंजिन आठवडाभर नुसतं टांगलेलं असतं, शनिवारी सकाळी थोडा वेळ चालतं आणि संध्याकाळी वारा पडला की पुन्हा थोडा वेळ. एकाच मॉडेलबद्दल दोन टोकांची मतं का ऐकू येतात, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

म्हणून माझं ठाम मत असं, की ब्रँड हा शेवटी घ्यायचा निर्णय. आधी शाफ्टची (इंजिनाच्या पाण्यात जाणाऱ्या उभ्या पायाची) लांबी, मग ताकद आणि वजन, मग पंखा (प्रोपेलर), मग जवळचा मेकॅनिक. एवढं नीट ठरलं की समोर दोन-तीनच इंजिनं उरतात, आणि त्यांतलं कुठलंही घेतलं तरी चालतं. पुढे सगळं याच क्रमाने सांगतो. डोळ्यांसमोर साधारण १८ ते २६ फुटांची, किल किंवा सेंटरबोर्ड (तळाखालचं उभं पातं, पक्कं किंवा वर घेता येणारं) असलेली, आत बसवलेलं इंजिन नसलेली बोट आहे.

आधी काम ठरवा

नोव्हेंबर ते मे या काळात गोव्याच्या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक बरंच पक्कं असतं. सकाळी जमिनीकडून मतलई वारे, तेही हलके. मध्ये काही काळ सगळं ठप्प. दुपार झाली की वायव्येकडून खारे वारे जोर धरतात आणि सूर्य मावळताना पुन्हा पडतात. म्हणजे इंजिन लागतं ते निघताना आणि परतताना.

मांडवीत हे परतणं सोपं नाही. फेरीबोटी, कॅसिनोची जहाजं, मालीमच्या मासेमारी जेटीकडे वळणारे ट्रॉलर, बार्ज, आणि या सगळ्यांच्या मधून ओहोटीचं पाणी समोरून येत असतं. मुखाशी आग्वादची वाळूची पट्टी आहे, तिथे पाणी उथळ आणि लाट उभी राहते. पावसाळ्यात खनिजाचे बार्जसुद्धा हे मुख टाळून कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत उतरत आले आहेत, त्यावरून तिथल्या पाण्याचा अंदाज करा. आपल्याला हवं ते इंजिन क्वचितच चालणारं, पण पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होणारं, आणि लाटेत पंखा पाण्याखाली ठेवणारं. वेग या यादीत कुठेच नाही.

जुवारीत किंवा शापोऱ्याच्या आतल्या खाडीतच फिरणार असाल तर मागणी बरीच उतरते. वारा पडलाच तर दोन मैल ढकलत आणणारं छोटं इंजिन पुरतं.

शाफ्टची लांबी: इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया

छोटी आउटबोर्ड साधारण तीन लांबींत मिळतात. शॉर्ट म्हणजे १५ इंच (३८१ मिमी), लाँग म्हणजे २० इंच (५०८ मिमी) आणि एक्स्ट्रा लाँग म्हणजे २५ इंच (६३५ मिमी). हे माप क्लॅम्प जिथे बसतो तिथपासून पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंतचं असतं, ढोबळमानाने. पंख्याकडे हवा ओढली जाऊ नये म्हणून ती पट्टी असते, आणि आपला सगळा हिशेब तिच्यावरच करायचा.

स्पीडबोटीला ही पट्टी बोटीच्या तळाच्या जेमतेम खाली असली तरी भागतं, कारण ती बोट पाण्यावर सपाट धावते. शिडाची बोट धावत नाही, डोलते. नाळ (बोटीचं पुढचं टोक) खाली गेली की ट्रान्सम (मागची सपाट फळी) वर उचलला जातो, आणि इंजिन लटकलेलं असतं नेमकं त्या टोकाला.

आग्वादच्या पट्टीवरून आत येताना काय होतं ते पाहा. वारा पडलाय, पुढचं शीड उतरवायला एक जण नाळेवर गेलाय. त्याच्या सत्तर किलोंनी नाळ आधीच खाली दबली आहे. मागून लाट येते, ट्रान्सम उचलते, पंखा पाण्याच्या पातळीपाशी येतो आणि हवा खेचतो. इंजिन एकदम किंचाळतं, कारण पंख्याला अडवायला पाणीच उरलेलं नाही. बोटीचा ढकला थांबतो. थंड करायचं पाणी आत घेणारी भोकंही त्याच पायावर थोडी खाली असतात, त्यांतही हवा शिरते. दोन सेकंदांनी ट्रान्सम खाली येतो, पंखा पुन्हा पाणी पकडतो आणि गिअरला धक्का बसतो. अशा दहा लाटा आल्या की बोटीचा वेग सुकाणू ऐकेनासं होण्याइतका कमी होतो. हे यामाहाला होतं, होंडाला होतं, सगळ्यांना होतं. शाफ्ट आखूड असला की झालं.

मोजायची पद्धत अशी. बोट पाण्यात ठेवा. नेहमीची माणसं, पाण्याचे कॅन, नांगर, साखळी, सगळं चढवा. एका माणसाला नाळेवर उभं करा. आता ब्रॅकेटवर (इंजिन टांगायच्या चौकटीवर) क्लॅम्प जिथे बसेल तिथपासून पाण्यापर्यंतचं उभं अंतर टेपने घ्या. त्यात निदान ६ इंच मिळवा. उत्तर १८ आलं तर २० इंची शाफ्ट चालेल. २२ आलं तर २५ इंचीच हवा. शंका असेल तर मोठा घ्या.

स्प्रिंगचं वर-खाली होणारं ब्रॅकेट असेल तर ते खालच्या खाचेत असताना मोजा, आणि वरच्या खाचेत इंजिन तिरपं केल्यावर पाय पूर्ण पाण्याबाहेर येतो का तेही पाहा. २५ इंची पाय काही बोटींवर बाहेर येतच नाही, टोक पाण्यात राहतं, आणि मांडवीच्या मचूळ पाण्यात थोड्याच दिवसांत त्यावर बार्नॅकल (घट्ट चिकटणारे कवचाचे जीव) धरतात. ब्रॅकेटवर किती किलोपर्यंतचं इंजिन चालेल ते लिहिलेलं असतं. तो आकडा पुढे लागणार आहे.

किती एचपी

शिडाच्या बोटीचा वेग तिच्या पाणरेषेच्या लांबीला बांधलेला असतो. लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये (तासाला सागरी मैल) येतं. पाणरेषा १९ फूट असेल तर सुमारे ५.८ नॉट. त्यापुढे दुप्पट ताकद लावली तरी बोट आपणच उठवलेल्या लाटेत मागे बसते, पेट्रोल मात्र दुप्पट जातं.

ढोबळ नियम असा की बोटीच्या भरल्या वजनाच्या प्रत्येक टनामागे ४ एचपी. माणसं आणि सामानासकट १,३०० किलो भरणाऱ्या बोटीला ५ ते ६ एचपी पुरतं. समोर दोन नॉटची ओहोटी धरली तरी साडेपाच नॉटने चालणारी बोट जमिनीच्या हिशेबाने साडेतीन नॉट पुढे सरकते.

आता बाजारातली एक गोष्ट लक्षात ठेवा. ४, ५ आणि ६ एचपीची इंजिनं बहुतेक कंपन्या एकाच सिलिंडरच्या एकाच ब्लॉकवर बनवतात. तोहात्सुचा ब्लॉक १२३ सीसी, होंडाचा १२७, सुझुकीचा १३८, यामाहाचा १३९. वजन तिन्हींचं जवळजवळ सारखं, २४ ते २७ किलोंच्या आसपास. त्यामुळे ४ घेऊन काही वाचत नाही. ६ घ्या.

त्यापुढची उडी मोठी आहे. ८ ते ९.९ एचपीची फोर-स्ट्रोक इंजिनं दोन सिलिंडरची, चालायला गुळगुळीत, आवाजाला सौम्य, आणि वजनाला ३७ ते ४२ किलो किंवा त्याहून जास्त. २० फुटी बोटीच्या अगदी शेवटच्या टोकावर चाळीस किलो लटकले की ट्रान्सम बसतो, कॉकपिटच्या (माणसं बसतात त्या खोलगट जागेच्या) नळ्यांतून पाणी उलटं येऊ शकतं आणि हलक्या वाऱ्यात बोट मंदावते. शिवाय दर पावसाळ्यात हे धूड उतरवायचं कोणी, हाही प्रश्न आहे. दीड टनापर्यंतच्या बोटीला मी ६ एचपीच सुचवतो. २४-२६ फुटांच्या, दोन टनांकडे झुकणाऱ्या बोटीला मात्र ८ किंवा ९.९ खरोखर लागतं.

पंखा

विक्रेते याबद्दल आपणहून बोलत नाहीत, म्हणून तुम्ही विचारा. इंजिनाबरोबर येणारा पंखा हलक्या रबरी डिंगीला पळवण्यासाठी असतो: व्यास लहान, पिच (एका फेरीत पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) जास्त. आपल्याला उलटं हवं. आल्तिनोची चढण सायकलने चढताना गिअर हलका लागतो, तसा जड बोटीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा लागतो, शक्यतो चार पात्यांचा. कंपन्या त्याला हाय थ्रस्ट म्हणतात.

फरक पुढे जाताना कळतो त्याहून जास्त थांबताना कळतो. बॉयावर (बोट बांधायच्या तरंगत्या खुणेवर) येताना रिव्हर्स टाकला की टनभर वजन थांबलं पाहिजे. साध्या पंख्याने रिव्हर्समध्ये नुसता फेस येतो, कारण धूर पंख्याच्या मधूनच बाहेर पडतो आणि रिव्हर्समध्ये पंखा तोच धूर चावत बसतो. ओहोटीत मुरिंग (बॉयाची बांधायची दोरी) धरताना त्या चार-पाच सेकंदांवर शेजारच्या बोटीचा रंग अवलंबून असतो.

आता ब्रँड

यामाहा. आपल्या किनाऱ्यावर या नावाला जो मान आहे तो मुख्यतः एन्ड्युरो मालिकेच्या टू-स्ट्रोक इंजिनांनी कमावलेला आहे. साधी रचना, जाड धातू, मार खाऊन उभी राहणारी. मच्छीमार यामाहा चांगलं म्हणतो तेव्हा बहुधा तेच त्याच्या डोळ्यांसमोर असतं. तुम्ही घेणार ते एफ४, एफ६ किंवा एफ९.९ हे फोर-स्ट्रोक, त्यांचं यंत्र वेगळं आहे. चांगलंच आहे, पण एन्ड्युरोची पुण्याई त्याला आपोआप लागू करू नका. शिडाच्या जड बोटींसाठी यामाहाचं खरं आकर्षण टी९.९ आहे. साध्या एफ९.९ चा गिअर २.०८ ला १ असतो, टी९.९ चा २.९२ ला १. म्हणजे मोठा पंखा सावकाश फिरतो आणि जोर लावतो. रिव्हर्समध्ये धूर पंख्यापासून दूर वळवणारा पंखाही त्याला मिळतो. वजन मात्र भरपूर, त्यामुळे २५ फुटांखालच्या बोटीला मी ते लावणार नाही.

तोहात्सु. आपल्याकडे हे नाव कमी ऐकू येतं, पण छोट्या शिडाच्या बोटींवाल्यांत ते बरंच घेतलं जातं, आणि त्याला कारण आहे. सेलप्रो नावाचं ६ एचपीचं मॉडेल कंपनीने शिडाच्या बोटींसाठीच काढलंय: २५ इंची शाफ्टचा पर्याय, हाय थ्रस्ट पंखा आणि बॅटरी चार्ज करायला १२ व्होल्ट, ५ अँपिअरची सोय. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एकाच खोक्यात येतात. तक्रार ऐकू येते ती एका सिलिंडरच्या थरथरीची आणि कार्ब्युरेटरच्या बारीक जेटची, जो शिळ्या पेट्रोलने चोंदतो. त्या जेटबद्दल पुढे सविस्तर.

मर्क्युरी. मर्क्युरीची छोटी फोर-स्ट्रोक इंजिनं अनेक वर्षं तोहात्सुच बनवत आली आहे. काळ्या रंगाखाली बरंचसं तेच यंत्र. म्हणून एकाला शिव्या आणि दुसऱ्याला ओव्या ऐकल्या तर फरक वापरात शोधा. याचा फायदाही आहे: सुटा भाग एकाच्या नावाने मिळाला नाही तर पार्ट नंबर जुळवून दुसऱ्याच्या नावाने मिळू शकतो.

सुझुकी. ४ ते ६ एचपीच्या वर्गात सुझुकीचं डीएफ६ए हलक्यांपैकी एक. एकट्याने इंजिन उचलून ब्रॅकेटवर लावायचं असेल तर दोन-तीन किलोंचा फरकही मनगटाला कळतो. डीएफ९.९बी पासून पुढच्या मॉडेलांत बॅटरीशिवाय चालणारं इंधन-इंजेक्शन आहे. कार्ब्युरेटर नाही, म्हणून जेट चोंदणं नाही, आणि थंड इंजिनही सहज सुरू होतं. पण बिघडलं तर समुद्रावर स्क्रू ड्रायव्हरने काही करता येत नाही. बॉयापासून पाच मैलांच्या आत फिरणाऱ्याला हा सौदा फायद्याचा आहे. मालवण, देवगडपर्यंत किनाऱ्याने जाणाऱ्याने मात्र विचार करावा.

होंडा. १९६४ साली आउटबोर्डच्या धंद्यात उतरल्यापासून या कंपनीने फोर-स्ट्रोकचाच रस्ता धरला, इतर टू-स्ट्रोक बनवत असतानाही. होंडावाले त्याच्या आवाजाची आणि आयुष्याची तारीफ करतात, वजन आणि किमतीबद्दल कुरकुर करतात. दोन्ही खरं आहे. बीएफ२.३ हे छोटं होंडा हवेने थंड होतं. इंपेलर (थंड करायचं पाणी खेचणारा आतला रबरी पंखा) नाही, पाण्याचे मार्ग नाहीत, म्हणून आत मीठ साचायचा प्रश्न नाही. आवाज मात्र कान किटवणारा. खाडीत फिरणाऱ्या १८ फुटी हलक्या बोटीला आणि डिंगीला ते छान.

एव्हिनरूड जुन्या बाजारात दिसतं. कंपनीने २०२० मध्ये आउटबोर्ड बनवणं बंद केलं. स्वस्त मिळालं तरी सुट्या भागांची वाट पाहायची तयारी असेल तरच हात घाला.

जुनं टू-स्ट्रोक घ्यावं का? हलकं असतं, उघडून समजतं, मालीमच्या कुठल्याही मेकॅनिकला पाठ असतं. पण आपण इंजिन सावकाश चालवतो, आणि सावकाश चालणारं टू-स्ट्रोक प्लगवर काजळी धरतं. दुसरा प्लग कायम खिशात ठेवावा लागतो. शिवाय धूर मागून कॉकपिटमध्ये येतो. मी घेणार नाही.

इलेक्ट्रिकबद्दल उत्साह वाढतोय आणि तो योग्य आहे. टॉर्कीडो (२०२४ पासून यामाहाच्या मालकीची) आणि ई-प्रोपल्शन ही दोन मोठी नावं. ई-प्रोपल्शनच्या स्पिरिट १.० प्लसची बॅटरी १,२७६ वॅट-तासांची आणि मोटर १ किलोवॅटची. सरळ भागाकार करा: पूर्ण जोरात सव्वा तास, अर्ध्या जोरात त्याच्या दुप्पट. ताकद साधारण ३ एचपी पेट्रोल इंजिनाएवढी. खाडीत, ओळखीच्या पाण्यात, टनाखालच्या बोटीला हे सुख आहे, आणि आठवडाभर टांगून ठेवल्याने त्याचं काही बिघडत नाही. आग्वादबाहेर जाऊन ओहोटीविरुद्ध परतणाऱ्याला सव्वा तास पुरत नाही.

दुसऱ्याचं मत ऐकताना

कोणी अमुक कंपनी भिकार म्हणालं तर चार गोष्टी विचारा. बोट किती टनांची? शाफ्ट किती इंची? प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुता का? पेट्रोल किती दिवसांचं असतं टाकीत? चौथ्या प्रश्नाशी बहुतेक तक्रारी सुटतात.

त्यानंतर मेकॅनिककडे जा, आणि विकत घेण्याआधी जा. मालीमला एकाने मला जे सांगितलं ते मी सगळ्यांना सांगतो: "बाब, मशीन कुठलंही आणा, पण त्याचं किट इथे मिळायला हवं." किट म्हणजे इंपेलर, गास्केट, कार्ब्युरेटरचे रबर, थर्मोस्टॅट. विक्रेत्याला मॉडेलचं नाव देऊन विचारा: इंपेलर आज हातात देता का? दुकानात असेल तर तो ब्रँड तुमच्यासाठी चांगला. "मागवून देतो, महिनाभर लागेल" म्हणाला तर इंजिनाबरोबरच दोन वर्षांचे भाग मागवा, नाहीतर दुसरं नाव पाहा. हाच खरा ब्रँडचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर जपानमध्ये नाही, तुमच्या धक्क्यापासून तासाभराच्या अंतरात आहे.

जुनं घेताना

इंजिन थंड असताना बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू झाल्यावर मागून पाण्याची धार येते ती पाहा, एकसारखी आणि जोरदार हवी. ठिबकत असेल तर इंपेलर गेलाय किंवा आतले मार्ग मिठाने भरलेत. पहिलं स्वस्त, दुसरं नाही. गिअरचा खालचा स्क्रू सैल करून चार थेंब तेल बोटावर घ्या. दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी शिरलंय.

मग पंखा काढायला लावा. मालक कंटाळेल, तरी लावा. पंख्यामागे दांड्यावर तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळलेला असतो, आपल्या खाड्यांत हे नेहमीचं आहे. तो हळूहळू सीलमध्ये घुसतो, सील कापतो आणि तिथून पाणी गिअरमध्ये जातं. दुधाळ तेल आणि तंगूस एकत्र दिसले तर किंमत पाडून मागा, नाहीतर सोडून द्या. बिल आणि सीरियल नंबर जुळतोय का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीची इंजिनं फिरत असतात.

इंजिन लागलं की बोट यांत्रिक बोटींच्या नियमांत येते. पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात नोंदणीची चौकशी आधीच करा. आउटबोर्ड कधीच हाताळलं नसेल तर करंजाळेच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोटचा छोटा कोर्स करा. पैसे सत्कारणी लागतात.

पेट्रोल, म्हणजे खरा शत्रू

पंपावर आता साधं पेट्रोल म्हणून मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा लिहिलेली असते १० टक्क्यांची. तुमचं मॅन्युअल काढून ते पान वाचा आणि विक्रेत्याकडून वॉरंटीबद्दल लेखी घ्या. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि गोव्याच्या हवेत ओलीला तोटा नाही. प्रमाणाबाहेर पाणी शोषलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. इंजिनाची नळी पेट्रोल खेचते तीही तळातूनच. जुने रबरी भागही इथेनॉलने फुगतात.

कार्ब्युरेटर एकदा उघडा पडलेला पाहिला की हे सगळं डोळ्यांना दिसतं. तळाच्या वाटीत हिरवट-पिवळा चिकट थर असतो, कोपऱ्यात पाण्याचा थेंब वेगळा उभा. मंद गतीचा छोटा पितळी जेट काढून उजेडाकडे धरला तर त्याच्या केसाएवढ्या भोकातून प्रकाश पलीकडे येत नाही. त्या भोकातून जाणाऱ्या पेट्रोलवर इंजिन मंद गतीने चालतं. म्हणून लक्षण ठरलेलं: थ्रॉटल दिला की चालतं, सोडला की बंद पडतं. मुरिंगपाशी, नेमकं नको तेव्हा.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात. पेट्रोल थोडं घ्या, दोन-तीन आठवड्यांत संपवा, उरलेलं गाडीत ओता. ६ एचपीचं इंजिन अर्ध्या थ्रॉटलवर तासाला लिटरभर पितं, वीस लिटर भरून ठेवायचं कारणच नाही. टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. दिवस संपला की नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या, मग वाटीचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढा. (इंजेक्शनवाल्या इंजिनाला हे करू नका, त्याची पद्धत मॅन्युअलप्रमाणे.) टाकी बंद कप्प्यात ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते.

बसवणं आणि रोजची सवय

क्लॅम्पचे स्क्रू हाताने घट्ट करा, थोडं चालवून पुन्हा घट्ट करा, आणि स्टीलची दोरी व कुलूप दोन्ही लावा. इंजिन एका बाजूला बसणार असेल तर एक लक्षात घ्या: बोट त्या बाजूला कलली की डोकं पाण्याजवळ जातं, विरुद्ध बाजूला कलली की पंखा बाहेर येतो. म्हणून इंजिन चालू असताना माणसं मध्ये बसवा. शीड चढलं की इंजिन वर घ्या, नाहीतर पंखा पाण्यात ओढत राहतो.

वळताना सुकाणू आणि इंजिन दोन्ही एकत्र वळवा. हळू वेगात नुसतं सुकाणू ऐकत नाही. लाल दोरी (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) मनगटाला. एकट्याने असाल तर ती न बांधता इंजिन सुरूच करू नका.

परत आल्यावर इंजिन बादलीत किंवा नळीला जोडून गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवा. पाणी गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आतलं मीठ पूर्ण धुतलं जात नाही, म्हणून दोन मिनिटं पुरत नाहीत. पाण्याशिवाय अर्धा मिनिटही चालवू नका, इंपेलर रबराचा असतो आणि कोरडा फिरला की पाती जातात. तो दरवर्षी बदला. फोर-स्ट्रोक आडवं ठेवताना मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या बाजूवरच ठेवा, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये शिरतं.

बोटीवर कायम ठेवायचं: दोन प्लग आणि पाना, सुरुवातीच्या ओढीची जादा दोरी, पंख्याचा पिन (छोट्या इंजिनांत तोच तुटतो), इंपेलर, बारीक तारेचा तुकडा, आणि नांगर ताबडतोब सोडता येईल असा. वाळूच्या पट्टीवर इंजिन बंद पडलं तर आधी नांगर, मग झाकण उघडायचं.

पावसाळा

मेअखेर इंजिन उतरवा. धुवा, कार्ब्युरेटर कोरडा करा, टाकी रिकामी करा. गिअरचं तेल आताच बदला, ऑक्टोबरात नाही, कारण आत पाणी शिरलं असेल तर चार महिने ते बेअरिंग गंजवत बसेल. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, दोरी सावकाश दोनदा ओढा, प्लग परत लावा. झिजलेला अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा) अर्धा उरला असेल तर बदला. घरात, उभं, हवेशीर जागी ठेवा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो.

ऑक्टोबरात बोट पाण्यात टाकण्याच्या निदान आठवडाभर आधी इंजिन बादलीत सुरू करा. ताजं पेट्रोल, नवा प्लग. धार येते का, थ्रॉटल सोडल्यावर पाच मिनिटं मंद गतीने चालतं का, रिव्हर्स पकडतो का. काही अडलंच तर मेकॅनिकला तेव्हा वेळ असतो. बोटी पाण्यात उतरायला लागल्या की त्याच्या दारात रांग लागते.